शाळेचा निधी मार्चमध्ये नव्हे, सप्टेंबरमध्ये मागा

१५ ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालेले असते, पोरे खाऊ घेऊन घरी गेलेली असतात, धानाची रोवणी आटोपत आलेली असते. शाळेच्या व्हरांड्यात बसलेला एखादा पालक उठून विचारतो, "गुरुजी, शाळेचं छत गळून राह्यलं. सरकारचा पैसा येते म्हणतेत, मंग जाते कुठं?" गुरुजी सांगतात, "निधीच आला नाही." सभा पुढच्या विषयाकडे वळते. पुढच्या १५ ऑगस्टला तोच प्रश्न, तेच उत्तर आणि तेच गळके छत.

गुरुजी खोटे बोलत नाहीत. पण "निधी आला नाही" या तीन शब्दांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. मागणीच गेली नाही, ही एक. मागणी गेली पण मंजूर झाली नाही, ही दुसरी. मंजूर झाली पण रक्कम खाली उतरली नाही, ही तिसरी. आणि रक्कम उतरली होती पण मुदतीत खर्च झाली नाही म्हणून परत गेली, ही चौथी. चारही दुखण्यांवर औषध वेगळे आहे. आपले दुखणे यांतले कोणते, हे ओळखता आले की शाळा व्यवस्थापन समितीचे अर्धे काम झाले म्हणून समजा.

हा लेख सावली तालुक्यातल्या आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या गावांमधील पालकांसाठी, समिती सदस्यांसाठी आणि एकट्याने शाळा ओढणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी आहे. सांगायचे ते एवढेच: शाळेचा पैसा वरून येतो, पण त्याचा पहिला कागद गावातच लिहिला जातो. पऱ्हेच टाकले नाहीत तर रोवणीच्या दिवशी बांधीत उभे राहून काय उपयोग? शाळेच्या निधीचे पऱ्हे टाकायचा महिना सप्टेंबर आहे. मार्चमध्ये विचारणारा नेहमीच उशिरा पोचतो.

पैशाची वाट

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्या अखत्यारीत आला. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरली. हा कायदा राबवण्यासाठीची मोठी केंद्रपुरस्कृत योजना म्हणजे समग्र शिक्षा. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना एकत्र करून ती सुरू झाली. महाराष्ट्रात तिच्या दर १०० रुपयांतले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे असतात. ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० असे आहे.

केंद्र हा पैसा थेट शाळेला देत नाही. राज्यात एक अंमलबजावणी संस्था असते, तिच्यामार्फत तो येतो. आपल्याकडे ही संस्था म्हणजे महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. तिचे कार्यालय मुंबईत चर्नी रोडच्या जवाहर बालभवनात आहे. जिल्ह्यांच्या मागण्या गोळा करून ती राज्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार करते. दिल्लीत केंद्रीय शिक्षण सचिवांच्या अध्यक्षतेखालील प्रकल्प मान्यता मंडळ त्या मागण्या एकेक करून तपासते, काही मान्य करते, काही कापते. या बैठकीचे इतिवृत्त सार्वजनिक केले जाते. ते कोणीही वाचू शकतो आणि आपल्या राज्याने कोणत्या बाबीसाठी किती मागितले व किती मिळाले, हे त्यात दिसते.

म्हणजे वाट दुहेरी आहे. मागणी शाळेतून निघते, केंद्रप्रमुखांकडे जाते, तिथून सावली पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी व गट साधन केंद्र, मग चंद्रपूरची जिल्हा परिषद, मग मुंबई आणि शेवटी दिल्ली. मंजुरी त्याच पायऱ्यांनी खाली येते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी बेरीज करत असते, आणि ज्या शाळेचा आकडा पहिल्याच पायरीवर लिहिला गेला नाही, तो पुढच्या कोणत्याही बेरजेत येत नाही.

ही रचना जगावेगळी नाही. अमेरिकेतही १९६५ च्या शिक्षण कायद्यापासून केंद्राचा पैसा राज्यांच्या शिक्षण विभागांमार्फत शाळांपर्यंत जातो. तिथल्या २०१५ च्या कायद्यानुसार राज्याला आपला आराखडा केंद्राला द्यावा लागतो आणि प्रत्येक शाळेचे प्रगतिपत्रक लोकांसाठी खुले करावे लागते. त्यात दर विद्यार्थ्यामागे किती खर्च झाला हेही लिहावे लागते. पैशासोबत अटी येतात, हे दोन्हीकडे खरे. आपल्याकडे तर अटींचा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. पीएम श्री योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षाची रक्कम रोखली, अशी तक्रार घेऊन तमिळनाडू सरकार २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबई-दिल्लीतले वाद गावाच्या हातात नसतात. गावाच्या हातात काय असते, ते आता पाहू.

पहिला कागद: पट

अनुदान, गणवेश, पुस्तके, शिक्षकांची पदे, सगळ्यांचे मोजमाप एकाच आकड्यावर होते, तो म्हणजे पट. महाराष्ट्रात ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरते. शिवाय प्रत्येक शाळेची इमारत, वर्गखोल्या, पाणी, शौचालये, शिक्षक आणि एकेका विद्यार्थ्याची माहिती यू-डायस प्लस या राष्ट्रीय संगणक प्रणालीत भरली जाते. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो. महाराष्ट्राचे क्रमांक २७ ने सुरू होतात. हा क्रमांक समितीच्या प्रत्येक सदस्याच्या वहीत लिहिलेला हवा.

पट एका मुलाने चुकला तर काय होते, हे रुपयांत पाहा. समग्र शिक्षाच्या निकषांनुसार सरकारी शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाची कमाल मर्यादा अशी आहे: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यावर १ लाख. म्हणजे ३० मुलांच्या शाळेत एका मुलाचे नाव वाढले की मर्यादा १५,००० रुपयांनी वाढते. आपल्या भागातल्या कितीतरी शाळा याच उंबरठ्यावर आहेत.

आता आठवा, नावे कुठे गळतात ते. धान निघाला की सावली, मूल, सिंदेवाही भागातली कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मुले सोबत जातात. परत आल्यावर कुणाचे नाव कमी झालेले असते, कुणाच्या आधारवरचे नाव शाळेच्या नोंदीशी जुळत नसते. म्हणून समितीने ऑगस्टमध्येच तीन गोष्टी कराव्यात. गावातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांची यादी घरोघर फिरून करावी आणि हजेरीपटाशी ताडून पाहावी. आधारवरील नाव, जन्मतारीख आणि शाळेतील नोंद यांत फरक असलेल्या मुलांची वेगळी यादी काढून दुरुस्ती करून घ्यावी. आणि जे कुटुंब बाहेर जाणार आहे त्याच्या मुलांना निघण्यापूर्वी शिक्षण हमी पत्रक मिळेल, हे पाहावे. त्या पत्रकावर मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते आणि परतल्यावर आपल्या वर्गात येऊ शकते.

यू-डायसची माहिती भरून झाली की मुख्याध्यापकांकडून तिची छापील प्रत मागून घ्या आणि शाळेत फिरून पडताळा. कागदावर "मुलींचे शौचालय: वापरात" असे असेल आणि प्रत्यक्षात दाराला कडी नसेल, तर दुरुस्तीचा पैसा त्या कागदामुळेच नाकारला जाईल. वरच्या कार्यालयाला तुमची शाळा दिसत नाही, त्याला फक्त हा कागद दिसतो. शाळा चांगली दिसावी म्हणून खोटे चांगले भरणे, हे शाळेचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

दुसरा कागद: शाळा विकास आराखडा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीला शाळेच्या कामावर देखरेख करण्याचा, शाळा विकास आराखडा तयार करण्याचा आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचा अधिकार दिला आहे. कलम २२ त्याच्याही पुढे जाते: हा आराखडाच सरकारी अनुदानाचा आधार मानायचा, असे तिथे लिहिले आहे. आराखडा तीन वर्षांचा करायचा, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग ठेवायचा. तो डिसेंबर संपण्याआधी तयार असावा, कारण जानेवारीपासून जिल्हा आणि राज्याचे अंदाजपत्रक बांधले जाते. डिसेंबरात तयार हवा म्हणजे सप्टेंबरात लिहायला बसले पाहिजे.

मी पाहिलेल्या बऱ्याच आराखड्यांत "शाळेचा सर्वांगीण विकास करणे", "भौतिक सुविधा वाढवणे" अशी वाक्ये असतात. अशा वाक्याला रक्कम लावता येत नाही, म्हणून ती वाक्ये कुठल्याच अंदाजपत्रकात जात नाहीत. चांगल्या आराखड्यात मोजलेले असते. "वर्ग ३ रीच्या खोलीच्या छतावरील कवेलू ४० फुटले आहेत, वासे दोन कुजले आहेत, पावसाळ्यात १८ मुलांना दुसऱ्या वर्गात बसवावे लागते" हे एक वाक्य पानभर शब्दांपेक्षा जड भरते. सोबत तारीख दिसणारा फोटो आणि तालुक्यातल्या अभियंत्याचे अंदाजपत्रक असेल तर आणखी बरे.

मागणी कायद्याच्या भाषेत बसवा. कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी किमान गोष्टी दिल्या आहेत: सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींसाठी वेगळी शौचालये, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण, ग्रंथालय. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. आपल्या जंगलपट्टीत कुंपणाला वेगळे वजन आहे. गावाच्या शिवारात वाघाचा, रानडुकरांचा वावर असेल तर तो वन विभागाच्या पंचनाम्यांसह आराखड्यात लिहा. मुलांच्या जिवाशी जोडलेली मागणी सहज बाजूला सारता येत नाही.

आराखडा समितीच्या बैठकीत वाचून मंजूर करा, ठराव इतिवृत्तात घ्या, अध्यक्षांची सही घ्या आणि केंद्रप्रमुखांकडे देताना आपल्या प्रतीवर पोच घ्या. ती पोच म्हणजे पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टचे तुमचे उत्तर आहे.

काय काय मागता येते

समजा तुमच्या पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ४२ आहे. संयुक्त अनुदानाची मर्यादा २५,००० रुपये. त्यातले १५,००० केंद्राचे, १०,००० राज्याचे. किमान १० टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचे असतात: साबण, शौचालयाची साफसफाई, पाण्याच्या टाकीची धुलाई. बाकीची रक्कम किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, शैक्षणिक साहित्य, फळे रंगवणे यांसाठी. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी ५,००० आणि खेळाच्या साहित्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत वेगळी तरतूद निकषांत आहे. उच्च प्राथमिकला खेळासाठी १०,००० पर्यंत. हे आकडे कमाल मर्यादा आहेत. एखाद्या वर्षी मंजुरी कमी होते किंवा रक्कम हप्त्यांत येते. म्हणून त्या वर्षी किती मंजूर झाले, हे गट साधन केंद्रात विचारून इतिवृत्तात लिहून ठेवा.

आठवीपर्यंतच्या सर्व मुली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपयांची तरतूद आहे. पुस्तके बालभारतीची, मोफत. ज्या टोल्यावर ठरलेल्या अंतरात शाळा नाही, तिथल्या मुलांना शाळेत येण्याजाण्यासाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्ता मिळू शकतो. महाराष्ट्रात हे अंतर पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर आहे. दिव्यांग मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत आणि दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, दहा महिने, अशी तरतूद आहे. टोल्यावरचे मूल आणि दिव्यांग मूल, या दोघांची नावे आराखड्यासोबतच्या यादीत गेली नाहीत तर त्यांच्यासाठी दुसरे कोणी भांडत नाही. त्यांची यादी आधी करा.

शाळेतले जेवण वेगळ्या योजनेतून येते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या मध्यान्ह भोजनाचे २०२१ पासूनचे नाव पीएम पोषण. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. याचा कारभार पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाकडे आहे, मुंबईच्या परिषदेकडे नाही. त्यामुळे तांदूळ उशिरा आल्याची तक्रार आणि गणवेशाची तक्रार एकाच अर्जात लिहू नका. दोन अर्ज करा, कारण ते दोन टेबलांवर जातात. तांदूळ शिजण्यापूर्वी मोजलेला पाहणे आणि जेवण चाखून चव नोंदवहीत सही करणे, हे पालकांनी पाळीपाळीने करावे.

रिकाम्या पासबुकाचा अर्थ

२०२१ पासून पैसे पाठवण्याची रीत बदलली. पूर्वी रक्कम शाळेच्या खात्यात येऊन पडायची. आता पूर्ण राज्याचे त्या योजनेचे एकच मुख्य खाते असते आणि शाळेचे खाते शून्य शिल्लकीचे असते. शाळेला फक्त खर्चाची मर्यादा दिली जाते, तिलाच सगळे "लिमिट" म्हणतात. शाळेने सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीवर, म्हणजे पीएफएमएसवर, देयक टाकले की मुख्य खात्यातून रक्कम थेट दुकानदाराला जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पासबुकात शून्य दिसले म्हणून निधी आला नाही असे समजू नका आणि गुरुजींवर संशयही घेऊ नका. "लिमिट किती आले, कोणत्या बाबीला आले, कोणत्या तारखेला आले" हे विचारा. दुसरी, खर्च न झालेले लिमिट ३१ मार्चला संपते. ते फेब्रुवारीत आले आणि समितीची बैठक एप्रिलमध्ये ठेवली, तर तो पैसा गेला. म्हणून खरेदीचे ठराव आधीच करून ठेवा: दुरुस्तीला कोणते साहित्य लागेल, कोणाकडून दरपत्रके घ्यायची, काम कोण पाहील. लिमिट आल्याबरोबर आठवडाभरात खर्च करता आला पाहिजे.

आपल्या एका शाळेचे पडून राहिलेले १०,००० रुपये फक्त आपले नुकसान करत नाहीत. केंद्र आपला हिस्सा एका वेळी जास्तीत जास्त २५ टक्के देते आणि आधीच्या रकमेचा किमान ७५ टक्के खर्च दिसल्यावरच पुढचा हप्ता सोडते. हजारो शाळांत थोडे थोडे पडून राहिले की पूर्ण राज्याचा पुढचा हप्ता अडतो. सावलीतल्या शाळेने वेळेत खर्च केला आणि वेळेत उपयोगिता प्रमाणपत्र दिले, तर त्याचा फायदा भामरागडच्या शाळेलाही होतो.

हिशेब सगळ्यांसमोर

समितीची रचना आधी तपासा. सदस्य सचिव, म्हणजे मुख्याध्यापक, सोडून १२ ते १६ सदस्य. त्यांत किमान ७५ टक्के पालक. एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधून निवडलेला. दर महिन्याला बैठक. दर दोन वर्षांनी पुनर्गठन. निवड पालकसभेत सगळ्यांसमोर व्हावी. कागदावर बाईचे नाव आणि बैठकीला तिचा नवरा, ही सवय मोडा. शौचालय, पाणी आणि जेवण यांबद्दल सर्वांत नेमके बोलतात त्या आयाच.

दर बैठकीत चार वह्या टेबलावर असू द्या: इतिवृत्त, कीर्द, पावत्यांची फाइल आणि साठा नोंदवही. कीर्दीतल्या प्रत्येक खर्चाला पावती आणि प्रत्येक पावतीला ठराव असला पाहिजे. घेतलेली वस्तू साठा नोंदवहीत चढलेली आणि शाळेत हजर असली पाहिजे. एवढे जुळले तर लेखापरीक्षणाला घाबरायचे कारण नाही. ज्याला वाचता येत नाही तो सदस्यही वस्तू मोजू शकतो: चार फळे लिहिलेत, चार फळे दाखवा.

हे सगळे मुख्याध्यापकांशी भांडण म्हणून करू नका. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक वर्ग घेतो, माहिती भरतो, तांदळाचा हिशेब ठेवतो आणि तालुक्याला बैठकीला जातो. कायद्याचे कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. पालकांनी घरोघर यादी करून दिली, दरपत्रके आणून दिली, पावत्या लावून दिल्या, तर गुरुजींचा तेवढा वेळ मुलांना मिळेल.

शाळेचे गुण कोण मोजते

पैशासोबत उत्तरदायित्वही येते. केंद्र राज्यांची आणि जिल्ह्यांची शैक्षणिक प्रतवारी करते. जिल्ह्याच्या प्रतवारीत ८३ निर्देशक आणि ६०० गुण आहेत. मुले प्रत्यक्षात किती शिकली हे राष्ट्रीय सर्वेक्षणातून पाहिले जाते. ४ डिसेंबर २०२४ ला झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, असे आहे.

जिल्ह्याचा क्रमांक कितवा, यात पालकांनी अडकू नये. तिसरीतल्या आपल्या मुलाला गोष्टीचे एक पान वाचायला द्या, त्यात काय झाले ते विचारा. वर्गातली किती मुले हे करू शकतात ते गुरुजींसोबत बसून लिहा आणि तो आकडा आराखड्याच्या पहिल्या पानावर ठेवा. छत, कुंपण आणि फळा यांचा खर्च ज्यासाठी करायचा, ते हेच आहे.

अडले तर कोणती पायरी

मागणीच गेली नसेल तर ठराव करून पाठवा. मंजूर झाली नसेल तर कारण लेखी मागा आणि पुढच्या वर्षी त्रुटी दुरुस्त करा. मंजूर होऊनही लिमिट आले नसेल तर गटशिक्षणाधिकारी आणि त्यानंतर चंद्रपूरच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना यू-डायस क्रमांकासह अर्ज द्या. रक्कम परत गेली असेल तर त्याची तारीख आणि कारण इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच चूक होणार नाही.

माहिती मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. प्रश्न लहान ठेवा: "अमुक यू-डायस क्रमांकाच्या शाळेला अमुक वर्षी बाबनिहाय किती मर्यादा दिली, किती खर्च झाला, किती परत गेली?" मुलांच्या हक्कावर गदा येत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि समाधान झाले नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

आश्रमशाळांची वाट वेगळी आहे, हेही ध्यानात ठेवा. त्या आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्यासाठी चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी किंवा भामरागड यांपैकी आपल्या प्रकल्प कार्यालयाकडे जावे लागते.

आणि सगळे ओझे एकाच योजनेवर टाकू नका. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेचे कुंपण, पाणी, शौचालय घालता येते. गडचिरोलीतल्या पेसा गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो शिक्षणावर खर्च करण्याचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते. वनहक्क मिळवून आपल्या जंगलाचा कारभार स्वतः चालवणारी मेंढा-लेखासारखी गावे याच जिल्ह्यात आहेत. जंगलाचा हिशेब ठेवणाऱ्या गावाला शाळेचा हिशेब जड जाणार नाही. खुद्द सावलीत १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन भरले होते आणि गांधीजी तिथे आले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी नयी तालीम देशापुढे ठेवली. गावाची शाळा गावाने सांभाळावी, हा विचार या मातीला नवा नाही.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै: समितीची रचना तपासा, पुस्तके व गणवेश किती मुलांना मिळाले ते मोजा.
ऑगस्ट: घरोघर यादी, आधार व नावांची दुरुस्ती, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गेल्या वर्षीचा हिशेब वाचा.
सप्टेंबर: ३० तारखेच्या पटाआधी एकही मूल सुटू देऊ नका, आराखडा लिहायला घ्या.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: यू-डायसची प्रत घेऊन प्रत्यक्ष पाहणी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आराखड्याचा मसुदा मांडा.
डिसेंबर: आराखडा मंजूर करून पोच घ्या, बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना हमी पत्रक द्या.
जानेवारी-मार्च: दर आठवड्याला लिमिट विचारा, ठरावाप्रमाणे खर्च करा, ३१ मार्चपूर्वी सर्व देयके पूर्ण करा.
एप्रिल-मे: उपयोगिता प्रमाणपत्र द्या, १ मेच्या ग्रामसभेत शिल्लक आणि अडलेली कामे सांगा.

यातले एकच काम या महिन्यात करायचे असेल तर हे करा. शाळेच्या दर्शनी भिंतीवर चार ओळी रंगवून घ्या: पट, मंजूर रक्कम, झालेला खर्च, शिल्लक. दर महिन्याच्या बैठकीनंतर खडूने आकडे बदला. येत्या १५ ऑगस्टला पैसा कुठे गेला, असे कोणी विचारले, तर गुरुजींना उत्तर द्यावे लागणार नाही. चौथीतले एखादे पोर उठून भिंतीवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवेल.